काचेवर चढलेला पूर

कोल्हापुरात चित्रकार सिनेमा काढतोय म्हटलं तर कुणी भुवई उंचावत नाही. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता तिकडं वळले आणि १९२० साली त्यांनी 'सैरंध्री' काढला, तेव्हापासून गावाला याची सवय आहे. मी आपला जलरंगवाला, पंचगंगेच्या घाटावर बसून निसर्गचित्रं करणारा. २०१९ च्या महापुरानंतर पुराचीही चित्रं केली, पण त्यातलं पाणी जिथल्या तिथं उभं. मला ते चढताना हवं होतं. आधी पायरी, मग उंबरा, मग कट्टा.

म्हणून काचेवरचं ॲनिमेशन. काच आडवी ठेवायची, खालून उजेड सोडायचा, वर कॅमेरा टांगायचा. चित्र काढा, फोटो घ्या, थोडं पुसा, थोडं सरकवा, परत फोटो. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी मिनिटाला ७२० होतात. कॅमेऱ्यासाठी जुन्या फोटो स्टुडिओतला एन्लार्जरचा, म्हणजे फोटो मोठे करायच्या यंत्राचा, स्टँड भंगारात मिळाला. नवा घेण्यापेक्षा हा दणकट.

साधा जलरंग काचेवर टिकतच नाही, थेंब थेंब होऊन पळतो. गवाशमध्ये, म्हणजे दाट, अपारदर्शक जलरंगात, ग्लिसरीन आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब घातला की बसतो आणि लवकर वाळतही नाही. पांढऱ्याची गंमत वेगळी. खालून उजेड असल्यामुळं पांढरा रंग लावाल तर तो काळपट दिसतो. पांढरं हवं तर काच कोरी सोडायची. जलरंगात आम्ही कागद कोरा सोडतो, तेच! तैलरंगवाल्या मित्राला हे पचायला वेळ लागला असता, असं मनातल्या मनात म्हणून घेतलं.

कॅमेऱ्याचा फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं हातानं ठरवून लॉक करायचं, नाहीतर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा आणि पडद्यावर नुसती फडफड. खिडकीला काळा कपडा, अंगात काळा शर्ट, कारण पांढरा शर्ट काचेत उमटतो. घरच्यांनी त्या खोलीत यायचंच सोडलं.

सगळ्यात जड गेलं ते पुसणं. एखादी फ्रेम अशी जमून यायची की सही करून बाजूला ठेवावी, आणि पुढच्याच मिनिटाला तिच्यावरून चिंधी फिरवायची. शिवाय चांगली फ्रेम म्हणजे चांगला शॉट नव्हे. प्रत्येक फ्रेम सजवत बसलं की पाणी हलायच्या ऐवजी थरथरतं. पाण्याच्या कडेपुरतंच बदलायचं आणि बाकीच्याला हात लावायचा नाही, ही शिस्त हाताला लागेपर्यंत बरेच शॉट टाकून दिले.

आवाजाचं काम गल्लीतल्या एका पोराकडं दिलं. मी पावसाचा, पाण्याचा आवाज गोळा करून नेला होता. त्यानं तो ऐकला आणि म्हणाला, "काका, पाणी दिसतंय की. परत तेच ऐकवायचं कशाला?" मग आम्ही ट्रंक ओढल्याचा, माळ्यावर भांडी चढवल्याचा, कोंबड्यांचा आवाज घेतला. पाण्याचा फक्त शेवटी, ओसरल्यावर, गटाराचा. या एका निर्णयासाठी त्याचं नाव माझ्या बरोबरीनं लावलं.

फिल्म जेमतेम अडीच मिनिटांची झाली. संवाद नाहीत, त्यामुळं महोत्सवांना पाठवताना सबटायटलची कटकट वाचली. पण चित्रं विकत घेणारे विचारतात, "यातलं ओरिजिनल कुठलं?" ओरिजिनल पुसलं गेलं, आणि काचेवर उरलेलं ग्लिसरीनमुळं वर्षभरानंही बोटाला लागेल. त्यावर तोडगा म्हणून निवडक फ्रेम आता कागदावर जलरंगात नव्यानं करतोय. त्या विकल्या जातायत. पुढच्या फिल्मला मोठी काच लागणार आहे, तिचे पैसे त्यातूनच निघतील.