चामुला, सिनाकांतान आणि ३९ बाय ३१ मिलिमीटरचा फोटो : माझा अनुभव

आधीच सांगते, लिहायला बसले होते मेक्सिकोतल्या माया गावांबद्दल, पण निम्मं लिखाण एका फोटोवरच गेलंय. इलाज नाही, राग अजून गेलेला नाही.

तर झालं असं की आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आली होती. तिचं माहेर येवल्याचं, घरात पैठणीचे माग, लहानपण सगळं खटखट ऐकण्यात गेलेलं. इथे थंडीत घरात बसून बसून मोबाईलवर काहीबाही बघायची, त्यात एक दिवस तिला मेक्सिकोच्या चियापास राज्यातल्या बायका विणताना दिसल्या. मला हाक मारली, "अगं ये बघ, हिचा माग कुठंय?" खरंच माग नव्हताच. चार-सहा काठ्या, एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं टोक पट्ट्याने बाईच्या कमरेला. बाई मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. आई म्हणाली मला हे बघायचंय. मी म्हटलं जाऊ, विमानाने पाच-सात तासांचं तर काम.

आणि जायचंच तर कार्निव्हलला जाऊ असं ठरवलं. सान हुआन चामुला नावाचं त्सोत्सिल माया लोकांचं गाव आहे, तिथला कार्निव्हल कॅथलिक उपवासाच्या आधी येतो पण लोक त्याचा संबंध जुन्या माया कॅलेंडरशी लावतात. २० दिवसांचे १८ महिने झाले की वर्षाचे ५ दिवस उरतात, ते हे हरवलेले दिवस. शेवटी मंगळवारी चर्चसमोर वाळलं गवत पसरून पेटवतात आणि माणसं त्या जाळावरून पळत जातात. हे बघायचं म्हणून तारखा धरल्या, तिकिटं काढली. ते आम्हाला बघायला मिळालं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते.

आता मुद्दा. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो, पण पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही. आईकडे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा, ती सरळ आत. माझं एच-वन-बीचं (म्हणजे नोकरीच्या व्हिसाचं) एक्स्टेन्शन मंजूर, आय-७९७ हा मंजुरीचा कागद हातात, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीचा संपलेला. म्हणजे नोकरी इथे, घर इथे, टॅक्स इथे भरते मी, आणि अडले मीच! आई पाहुणी, तिला कुणी काही विचारत नाही. ती यावर इतकी खूश होती की भारतात फोन करकरून सांगत होती.

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर विचारलं तर तिघांनी छातीठोक सांगितलं, आय-७९७ चालतं, काही होत नाही. नाही चालत. लोकांची गल्लत अशी होते की ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन म्हणून जे असतं ते अमेरिकेत परत येण्यासाठी आहे, मेक्सिकोत शिरण्यासाठी नाही. ३० दिवसांच्या आत मेक्सिको किंवा कॅनडातून परत येत असाल, आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची आणि राहायच्या मुदतीची नोंद) चालू असेल आणि तिकडे अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर संपलेल्या शिक्क्यावर परत घेतात. आत जायला मात्र मेक्सिकोला चालू शिक्काच दाखवावा लागतो, नसेल तर त्यांच्या वकिलातीतून व्हिसा काढा.

वकिलात आमच्या घरापासून दोन तास. कुठली ते लिहीत नाही, तिथल्या लोकांशी माझं वैर नाही (आता नाही). आधी अपॉइंटमेंटच मिळेना. पोर्टल उघडायचं, तारखा करड्या. रात्री बारा, पहाटे पाच, जेवणाच्या सुट्टीत, सगळं करून बघितलं. नवरा म्हणाला आयआरसीटीसीचा तत्काळ बरा. बाराव्या दिवशी अचानक एक तारीख दिसली, घेतली, कार्निव्हलला अजून पाच आठवडे होते म्हणून निवांत.

त्या दिवशी फाईल घेऊन गेले. अर्ज, पासपोर्ट, झेरॉक्स, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं पत्र, आय-७९७, हॉटेल, तिकिटं. खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे चाळलं, मान डोलावली आणि फोटो उचलून माझ्यापुढे ठेवला. मोठा आहे म्हणाल्या. अमेरिकेत सगळीकडे दोन बाय दोन इंचाचा चौकोनी फोटो काढतात, तोच मी नेलेला. त्यांना हवा जास्तीत जास्त ३९ बाय ३१ मिलिमीटर. वेबसाईटवर लिहिलेलं होतं का? होतं. मी वाचलं होतं का? वाचलं होतं, आणि फोटो तो फोटो त्यात काय एवढं, म्हणून सोडून दिलं होतं.

बाई म्हणाल्या बाराच्या आत आणा. पळत चौकातल्या औषधांच्या दुकानात गेले, तिथे फोटो काढतात. पण त्यांच्या मशीनमध्ये दोन बाय दोनशिवाय साईजच नाही. त्या पोराला म्हटलं बाबा छोटा प्रिंट कर, तो म्हणे सिस्टीम घेत नाही. मग मी शहाणपणा केला. कात्री आणि पट्टी विकत घेतली, तिथेच थंडीच्या गोळ्यांच्या रॅकवर फोटो ठेवून मापात कापला. कापल्यावर माझं डोकं वरून गेलं आणि हनुवटी खालून. ते घेऊन पुन्हा लाईनीत, एवढ्या पळापळीने घामाघूम, खिडकीतल्या बाईंनी ते प्रकरण हातात घेतलं आणि इतका वेळ गंभीर असलेल्या त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या नवीन अपॉइंटमेंट घ्या.

नवीन अपॉइंटमेंट!! म्हणजे परत ते करडं पोर्टल. भांडले थोडं, काही उपयोग झाला नाही, आणि खरं तर चूक माझी होती त्यामुळे भांडणात जोरही नव्हता. पुढची तारीख मिळाली ती कार्निव्हल संपल्याच्या दुसऱ्या दिवसाची. विमानाच्या तारखा बदलल्या, त्याचे पैसे गेले ते वेगळेच, आणि आईला सांगायचं जिवावर आलं. ती म्हणाली, "माणसं जाळावर पळताना बघायला मला कशाला मेक्सिको? माग आहे ना अजून, की तोही उठला?"

आता ऐका, सगळ्यात जिव्हारी लागलेली गोष्ट. दुसऱ्यांदा गेले तेव्हा गाडी लावायला जागा नव्हती म्हणून मागच्या गल्लीतून आले. तिथे टमाले विकणाऱ्या गाडीच्या बाजूला एक बोळकांडीएवढं दुकान, बाहेर हाताने लिहिलेली "फोतोस" अशी पाटी. आतल्या काकांना मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातातली फाईल बघितली, खुर्ची दाखवली, चार मिनिटांत मापाचे सहा फोटो कापून हातात. पहिल्या वेळी हे दुकान माझ्यापासून शंभर पावलांवर होतं!! तेव्हा, वकिलातीच्या आसपास आधी एक फेरी मारा. पोर्टलवर रात्रभर जागण्याआधी हे करा. बाकी मुलाखत म्हणजे दोन मिनिटं, कशाला जाताय, किती दिवस, कुणासोबत. आईला माग दाखवायला जातेय हे इंग्रजीत सांगताना मलाच ते थापेसारखं वाटलं. फी आमच्याकडे रोख घेतली, सुटे घेऊन जा. व्हिसा मिळाला.

प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही, मेक्सिको सिटीहून तुस्तला, तिथून रस्त्याने चढत चढत सान क्रिस्तोबाल दे लास कासास. हे गाव जवळजवळ २,२०० मीटरवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच, संध्याकाळी दात वाजतात. मेक्सिको म्हणजे उकाडा असं समजून आम्ही सुती कपडे नेले, तुम्ही स्वेटर न्या. इथे मुक्काम ठेवायचा, चामुला आणि विणकाम बघायचं दुसरं माया गाव सिनाकांतान, दोन्ही साधारण १० किलोमीटरवर, बाजाराजवळून कोलेक्तिवो म्हणजे आपल्याकडच्या वडापसारख्या गाड्या मिळतात. भरली की सुटते.

चामुलाला रविवारी जा, बाजार असतो. बायकांचे काळ्या लोकरीचे केसाळ, जाड घागरे, पुरुषांचे पांढऱ्या लोकरीचे अंगरखे. चर्चचं तिकीट चौकातच घ्यावं लागतं. आणि फोटो! (बघा, परत फोटोच आला.) चर्चच्या आत कॅमेरा, मोबाईल सक्त मनाई, गंमत नाही ती, तिथले लोक अजिबात ऐकून घेत नाहीत. आमच्या पुढच्या एका पर्यटकाने मोबाईल नुसता खिशातून काढला तर दोघं जण येऊन त्याला बाहेर घेऊन गेले. मला तर बरंच वाटलं. मोबाईल बॅगेत तळाशी टाका आणि विसरा.

आत बाकडी नाहीत. फरशीवर सगळीकडे पाइनच्या हिरव्या काड्या पसरलेल्या, त्यावर पाय सटकतो, वयस्कर माणसाचा हात धरा. भिंतीकडेने काचेच्या पेट्यांत संत, कित्येकांच्या छातीवर आरसे. तिथली कुटुंबं काड्या बाजूला सारून जमिनीवर मेणबत्त्या उभ्या करतात, ओळीच्या ओळी, आणि समोर बसून पुटपुटत प्रार्थना. कोपाल म्हणजे झाडाच्या डिंकाचा धूप, त्याचा धूर, वास आपल्या ऊद-धुपाच्या जवळचा. एका बाईसमोर एक म्हातारी बसली होती, ती आधी तिची नाडी बघत होती, मनगटावर बोटं ठेवून, अगदी आपले वैद्य बघायचे तशी. मग अंडं घेऊन तिच्या अंगावरून फिरवलं. आई कानात म्हणाली, "दृष्ट काढतायत." कुणी न सांगता बरोबर ओळखलं तिने. या म्हाताऱ्यांना इलोल म्हणतात. पुढे पोश नावाची दारू आणि कोकच्या बाटल्या मांडलेल्या. कोक पिऊन ढेकर दिला की वाईट बाहेर पडतं असं गाईड लोक रंगवून सांगतात. कोंबडी पण होती एक, मुकाट बसलेली, तिचं पुढे काय होतं ते आम्हाला माहीत होतं. आई माळकरी, तिने नुसती मान वळवली, म्हणाली आपल्याकडे देवीला देतातच की. ओढणी घेतली असेल तर खोचून घ्या, खाली सगळ्या मेणबत्त्या असतात, माझ्या ओढणीचं टोक एका ज्योतीपर्यंत पोचलंच होतं, शेजारच्या माणसाने झटकन ओढलं. त्याला काय म्हणायचं ते मला आठवेना. कोलावाल. त्सोत्सिलमध्ये धन्यवाद. पाठ करून जा.

सिनाकांतान दुसऱ्या दिवशी. डोंगरभर प्लास्टिकची हरितगृहं, गाव फुलं पिकवतं, आणि तीच फुलं कपड्यांवर. ज्या घरी गेलो तिथे अंगणात बाई गुडघे टेकून बसलेली, खांबाला ताणा, कमरेला पट्टा. आई जी खाली बसली ती दोन तास उठली नाही. बाईंना स्पॅनिशही बेताचं, आईला तर नाहीच, तरी हिने बोट दाखवायचं आणि तिने काठी उचलून दाखवायची. मग आईने विकायला ठेवलेली एक शाल घेतली आणि उलटी केली. पैठणी बघतानाची सवय, पदर उलट्या बाजूनेही तसाच दिसला पाहिजे. फुलांच्या मागे मशीनची टाक्यांची लाईन दिसली. "हे कापड हातचं, फुलं मशीनची," आईचा निकाल. बाई हसल्या आणि आतून शिवणयंत्रच आणून दाखवलं, लपवायचं काही कारणच नव्हतं. भरतकाम आता बरंचसं मशीनवर होतं आणि रंगांची फॅशनही बदलत राहते.

पुढचं लिहावं की नाही असं वाटत होतं पण लिहितेच. माहेरी मागावर येऊन भाव पाडणाऱ्या मुंबईच्या गिऱ्हाइकांना जन्मभर नावं ठेवणारी माझी आई, कॅल्क्युलेटरवर आकडा बघून म्हणाली, निम्म्यात देतेस का विचार. मी विचारलं नाही. मग तिनेच कॅल्क्युलेटर घेतला. शेवटी थोडे पैसे कमी झाले आणि दोघीही खूश दिसल्या, त्यामुळे मी गप्प.

खायला चुलीशेजारी बसवलं. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन, वाटून त्याचा गोळा. आईने पातेल्याचा वास घेतला, "चुना!" पान खाणारीला कळायचंच. चुन्यामुळे सालं सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं बी-३ जीवनसत्त्व अंगी लागतं, माया मुलुखात ही पद्धत फार जुनी. कोमाल म्हणजे तव्यावर गरम तोर्तिया, त्यावर भोपळ्याच्या बियांची पूड, घेवड्याची उसळ. शाकाहारी असाल तर "सिन मान्तेका" विचारा, घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. आम्ही आधी विचारलं म्हणून आई जेवली, आणि चार तोर्तिया जेवली.

आमातेनांगो नावाच्या कुंभारकामाच्या गावाला पण गेलो, तिथल्या बायका भट्टीशिवाय उघड्यावर लाकडं रचून मातीची कबुतरं आणि जग्वार भाजतात. एक कबुतर आणलं, बॅगेत मान तुटली, फेव्हिक्विकने चिकटवलंय. पालेंकेला, म्हणजे जुन्या माया शहराचे अवशेष आहेत तिथे, गेलो नाही, त्या रस्त्यावर अधूनमधून लोक रस्ता अडवून बसतात, निघायच्या आधी हॉटेलवर चौकशी करा.

परत येताना एअरलाइनच्या काउंटरवर माझा संपलेला शिक्का बघून पोरगी म्हणाली बोर्डिंग नाही. मी रिव्हॅलिडेशनच्या नियमाचा प्रिंट काढून नेला होता म्हणून वाचले, तिने सुपरवायझरला बोलावलं, वीस मिनिटं गेली. प्रिंट न्याच, मोबाईलवर दाखवलं तर कुणी वाचत नाही. आय-९४ चाही प्रिंट न्या. आई तोपर्यंत चेक-इन होऊन, शाल पांघरून, खुर्चीत.

माझा मेक्सिकोचा व्हिसा एकाच एन्ट्रीचा होता, म्हणजे कार्निव्हलला परत जायचं तर परत ते पोर्टल. काकांनी कापलेले चार फोटो उरलेत, पाकिटात ठेवलेत.