अमावस्येच्या रात्री हॅवलॉकला

अंदमानला आलोय. हॅवलॉक, म्हणजे 2018 पासूनचं स्वराज द्वीप. आज अंधार पडल्यावर गाइडसोबत कयाकिंग केलं.

इथे हिवाळ्यात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. घड्याळ भारताचं, पण बेट पार पूर्वेला, म्यानमारच्या बाजूला. त्यामुळे आपल्या चहाच्या वेळेला इथे दिवेलागण. (पोटाला मात्र हे कोण समजावणार!)

गाइड इथलाच, बंगाली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना या बेटावर वसवलं, त्यांच्यापैकीच याचे आजोबा. त्याने दोघांच्या कयाकमध्ये बायकोला पुढे बसवलं, मला मागे. पुढच्याने लय धरायची, दिशा मागच्याने सांभाळायची. घरी नेमकं उलटं असतं.

आधी कांदळवनातली खाडी. मुळं तशीच, आपल्या कोकणातल्यासारखी, कमानी करून चिखलात उतरलेली. फरक एकच, इथल्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. म्हणून कुठे जायचं ते तोच ठरवणार.

मग उघड्यावर आलो. त्याने हेडलॅम्प बंद करायला लावले आणि म्हणाला, "अब चप्पू मारो, दीदी."

वल्हं पाण्यात गेलं आणि निळा उजेड फुटला! पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक असतात, पाणी ढवळलं की क्षणभर चमकतात. चांदणं असलं की फारसं दिसत नाही, म्हणून मुद्दाम अमावस्या गाठली होती. बोटं बुडवली, बोटांमागेही ठिणग्या. खालून एक मासा गेला, तोही रेघ ओढत.

फोटो मागू नका. मोबाइलमध्ये नुसता काळोख आलाय. येणार असाल तर आधी कालनिर्णय बघा, विमानाचं तिकीट नंतर.