लेन्स्टर सोडून कॉनॉट कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला डब्लिनच्या गणपतीत भेटलेली मंडळी विचारतात, पुण्याहून फोनवर आतेभाऊही विचारतो. आयर्लंडात राहून रग्बीची गोडी लागली ते समजू शकतं, पण युरोपचा कप चारदा जिंकलेला लेन्स्टरचा संघ सोडून कॉनॉटच्या मागे कशाला? ज्यांना थोडंफार माहीत असतं ते वर म्हणतात, "२०१६ला एकदा चमत्कार झाला होता, तेवढाच ना?" त्या 'चमत्कार' शब्दाशीच माझं भांडण आहे.

आयर्लंडचे चार प्रांत, आणि रग्बीत प्रत्येक प्रांताचा एक व्यावसायिक संघ: लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट. चौघांच्याही तिजोरीची किल्ली एकाच आयरिश रग्बी युनियनकडे. कॉनॉट हा पश्चिमेचा, अटलांटिकच्या काठचा प्रांत. दिल्लीतलं कनॉट प्लेस ज्या ड्यूकच्या नावाने आहे, त्याची पदवी याच प्रांतावरून आलेली. सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या राजवटीने पूर्वेकडच्या सुपीक जमिनी हिसकावून कॅथलिक जमीनमालकांना शॅनन नदीच्या पलीकडे, या खडकाळ मुलखात पिटाळलं. पुढे १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाचा सगळ्यात मोठा घावही इथेच बसला. १८४१ च्या जनगणनेत कॉनॉटची लोकसंख्या १४ लाखांवर होती. २०२२ ची मोजणी सहा लाखांच्याही आत आहे. "तुमच्याकडे प्रेक्षक कमी, खेळाडू कमी" असं कुणी म्हणालं की मला हे दोन आकडे आठवतात. जी थोडी मुलं उरली, त्यांनाही आधी गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग ओढून घेतात. डब्लिनच्या नामांकित शाळांमधून लेन्स्टरला पिढ्यान्‌पिढ्या तयार खेळाडू मिळत आले, तशी सोय इथे नव्हती.

१९९५ साली रग्बी व्यावसायिक झाली. वर्षभरात कॉनॉटला वॉरन गॅटलंड हा न्यूझीलंडचा तरुण प्रशिक्षक मिळाला. १९९७-९८ च्या हंगामात त्याच्या संघाने इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनला घरीही हरवलं आणि त्यांच्या मैदानावरही. मग १९९८ मध्ये युनियनने त्याला उचलून राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक केलं. पुढेही हेच घडत राहिलं. कॉनॉट म्हणजे रोपवाटिका: पाणी इथल्यांनी घालायचं, रोप तग धरू लागलं की दुसऱ्याच्या वावरात लावायचं. आणि या रोपवाटिकेला पैसेही बाकी तिघांपेक्षा कमी.

२००३ च्या जानेवारीत तर युनियनने तीही बंद करायचा विचार चालवला. खर्च वाढला होता, काटछाट करायची होती, आणि चारांतला सगळ्यात दुबळा संघ कोणता हे उघडच होतं. तेव्हा पश्चिमेकडून बसगाड्या भरभरून माणसं डब्लिनला गेली. माजी खेळाडू, गावोगावच्या क्लबांचे लोक, आयाबाया, पोरंटोरं, असे सुमारे दोन हजार जण लॅन्सडाउन रोडवर युनियनच्या दारापर्यंत चालत गेले. संघ वाचला. मी तेव्हा इथे नव्हते. पण कॉनॉटमधल्या गॉलवे शहरात आल्यावर या संघाबद्दल पहिली गोष्ट ऐकली ती कुठल्या सामन्याची नव्हती, या मोर्च्याची होती. त्याच वर्षी पोर्टम्ना गावचा जॉन मल्डून नावाचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत ताकदीचं काम करणारा खेळाडू, पहिल्यांदा संघातून खेळला. युनियनच्या मनासारखं झालं असतं, तर त्याला खेळायला संघच उरला नसता.

पुढची आठ-दहा वर्षं हरण्याचीच होती, त्यावर मी फार बोलत नाही. घरचं मैदान म्हणजे गॉलवेतलं स्पोर्ट्सग्राउंड. त्याच्याभोवती ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचा ट्रॅक, आणि समुद्रावरून असा वारा की सरळ मारलेला चेंडू कुठे जाईल ते सांगवत नाही. युरोपच्या मोठ्या स्पर्धेत कॉनॉटला पहिला प्रवेश मिळाला २०११ मध्ये, तोही लेन्स्टरने आदल्या हंगामाचा कप जिंकल्यामुळे आयर्लंडला एक जागा वाढून मिळाली म्हणून. हे मी मोकळेपणाने मान्य करते. लेन्स्टरचा मी द्वेष करत नाही.

२०१३ मध्ये पॅट लॅम आला. सामोआचा माजी कर्णधार, ऑकलंडमध्ये वाढलेला. त्याने काय केलं ते समजायला रग्बीचा एक नियम ठाऊक हवा: हाताने पास द्यायचा तो मागेच, पुढे नाही. त्यामुळे वाऱ्या-पावसात बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब पुढे उडवतात आणि धोका टाळतात. गॉलवेच्या हवेत तर तेच शहाणपणाचं मानलं जायचं. लॅमने उलटं ठरवलं. चेंडू हातातच ठेवायचा, अगदी स्वतःच्या गोलरेषेजवळसुद्धा. आणि पास देणं हे फक्त मागच्या चपळ बॅक खेळाडूंचं काम नाही. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात त्या झुंजीत, रेटा देणाऱ्या धिप्पाड प्रॉप आणि लॉक खेळाडूंनाही ते यायलाच हवं. सव्वाशे किलोचा माणूस पावसात ओला चेंडू अचूक पास करतो, तेव्हा त्यामागे किती सराव असेल याचा विचार करा. सुरुवातीला याची किंमत मोजावी लागली. चुका व्हायच्या, सामने जायचे. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि इटलीच्या बारा संघांची 'प्रो१२' ही लीग असे, तिच्यात पहिल्या हंगामात संघ दहावा आला, दुसऱ्यात सातवा, तिसऱ्यात दुसरा. चमत्कार असा पायरीपायरीने चढत येत नाही.

तो तिसरा हंगाम २०१५-१६ चा. नोव्हेंबरमध्ये युरोपच्या दुय्यम स्पर्धेतला सामना सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कला होता. बर्फात खेळून जिंकले, तर परतीचं विमान बिघडलं आणि घरी पोहोचायला काही दिवस लागले. त्याच महिन्यात लीगमध्ये लिमरिकला जाऊन मन्स्टरला हरवलं. तिथे याआधीचा विजय १९८६ मधला. लीगचा उपांत्य सामना स्पोर्ट्सग्राउंडवर, आदल्या वर्षीच्या विजेत्या ग्लासगोशी: १६-११. आणि २८ मे २०१६ ला एडिंबरोच्या मरीफील्डवर अंतिम सामना, समोर लेन्स्टर. कॉनॉट २०, लेन्स्टर १०.

तीन ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) ज्यांनी केले ती नावं मला मुद्दाम सांगायची आहेत. टियर्नन ओ'हॅलरन, याच प्रांतातल्या क्लिफ्डनचा. नीयी आडेओलोकुन, नायजेरियात जन्मलेला. त्याने पळता पळता चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून उडवला आणि स्वतःच गाठून टेकवला. मॅट हीली, डब्लिनचाच मुलगा. मधल्या फळीत न्यूझीलंडहून आलेला बंडी आकी, आणि सूत्रं अमेरिकेकडून खेळणाऱ्या एजे मॅकगिंटीच्या हातात. बाहेरून इथे येऊन स्थिरावलेल्या माझ्यासारखीला तो संघ आपला वाटला, यात नवल काय? कप उचलला मल्डूनने.

त्यानंतर काय झालं, हेही विचारलं जातं. त्याच उन्हाळ्यात अॅथलोनचा रॉबी हेन्शॉ, अंतिम सामना गाजवलेला आपला मुलगा, लेन्स्टरला गेला. वर्षभराने लॅम ब्रिस्टलला गेला. मधल्या २०१६-१७ च्या हंगामात संघ आठव्या स्थानावर घसरला होता. पैसा आणि माणसं अजूनही पूर्वेकडेच वाहतात, आणि ते मला आजही खुपतं. युनियनने २०१६ चं कौतुक भरपूर केलं. पण असा संघ तीन वर्षांत घडू शकतो, तर तो टिकवायला काय लागेल, हा हिशेब त्यांनी तितक्याच तत्परतेने मांडायला हवा होता.

मल्डून मात्र गेला नाही. ३२७ सामने, सगळे याच संघासाठी. एप्रिल २०१८ मधला त्याचा शेवटचा सामना घरच्याच मैदानावर, पुन्हा लेन्स्टरशी. कॉनॉटने ४७-१० ने जिंकला. शेवटच्या ट्रायनंतरची, जादा गुणांसाठीची किक त्याच्या साथीदारांनी त्यालाच मारायला लावली. जन्मभर स्क्रममध्ये डोकं घालणाऱ्या माणसाचं ते कामच नव्हे, पण चेंडू दोन खांबांच्या मधून गेला आणि स्टँडमधली सगळी माणसं उभी राहिली.

तेव्हा लेन्स्टर कितीही कप जिंको, शनिवारी मी स्पोर्ट्सग्राउंडवर असते. इकडे आलात तर तुम्हीही या. छत्री मात्र आणू नका, त्या वाऱ्यात टिकत नाही. टोपी असलेला रेनकोट आणा.