पंधरा मात्रांची भीती

इटलीत लग्नाचं जेवण आटोपून नाच सुरू झाला, की डीजे कधीतरी एक गाणं लावतोच. गाणं कसलं, नुसते हुकूम: झोपा, हात हलवा, लिफ्ट मागा, शिंका, चाला, पोहा. आजीपासून नातवापर्यंत सगळे रांगेत उभे राहून ते इमानेइतबारे पाळतात. 'जोका जुएर' हे त्याचं नाव. १९८१ च्या सानरेमो संगीत महोत्सवाची ही शीर्षकधून. हुकूम सोडणारा आवाज क्लाउदिओ चेक्केत्तोचा आणि संगीत क्लाउदिओ सिमोनेत्तीचं. इथल्या दोन पिढ्यांना रात्री दाराची कडी पुन्हा तपासायला लावणारं भयपटांचं संगीतही याच सिमोनेत्तीचं आहे, हे नाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या गावीही नसतं.

सिमोनेत्तीचा जन्म १९५२ चा, ब्राझीलमधल्या साओ पाउलोचा. वडील एन्रिको सिमोनेत्ती पियानोवादक आणि संगीतकार, पुढे इटालियन टीव्हीवरचा ओळखीचा चेहरा. कुटुंब इटलीत परतलं, मुलगा रोमच्या सांता चेचिलिया संगीत विद्यालयात शिकला. म्हणजे हात शास्त्रशुद्ध तयार झालेला आणि कान मात्र इंग्लंडच्या प्रोग्रेसिव्ह रॉककडे लागलेले. गिटारवर मास्सिमो मोरान्ते, बासवर फाबिओ पिन्यातेल्ली आणि कीबोर्डवर सिमोनेत्ती, असं चेरी फाइव्ह नावाच्या बँडचं रेकॉर्डिंग रोमच्या सिनेव्हॉक्स कंपनीसाठी सुरू होतं. त्याच कंपनीकडे दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या नव्या भयपटाचं संगीत होतं. १९७५ चा 'प्रोफोन्दो रोस्सो', म्हणजे गडद लाल. संगीतकार होते जाझ पियानोवादक जोर्जो गास्लिनी. दिग्दर्शकाशी त्यांचं बिनसलं आणि वाजवायला बोलावलेल्या विशीतल्या पोरांवर मुख्य धून बांधायचीही जबाबदारी आली. बँडचं नाव बदलून 'गोब्लिन' झालं. श्रेयनामावलीत गास्लिनी आणि गोब्लिन दोघंही दिसतात, ते यामुळे.

आता ती धून. नुसती ऐकू नका, टाळी देऊन मोजा. सात आणि आठ, मिळून पंधरा. आपल्याकडे पंधरा मात्रांची पंचम सवारी आहेच, पण तिचे खंड वेगळे पडतात, त्यामुळे तबलजी मित्राला 'सवारी धर' म्हणालात तर तो पहिल्याच आवर्तनात अडखळेल. त्याला त्रितालच धरायला सांगा आणि पहिल्या अर्धातली एक मात्रा काढून टाका. खरी मेख तिथेच आहे. सोळाची सवय असलेल्या कानाला सम अजून एक पाऊल लांब वाटत असते आणि ती येऊन उभी राहिलेली असते. जिना उतरताना शेवटची पायरी आधीच संपून पाय जमिनीवर आपटतो, तसं काहीसं. या धुनेत कुणी किंचाळत नाही, दार करकरत नाही. नुसता हिशोब एकाने कमी आहे आणि तो दर आवर्तनात कमी पडतो.

घरच्या कीबोर्डवर वाजवून बघायची तर घाई नको. आधी उजव्या हाताची सुट्या स्वरांची नक्षी एकटीच, सावकाश, मेट्रोनोम ठोकत. सात झाले की न थांबता आठ. बहुतेकांचं चुकतं ते सातनंतर: नकळत श्वासाएवढी जागा सोडली जाते, त्याची आठवी मात्रा होते आणि धून एकदम गुळगुळीत, बिनधोक होऊन जाते. नक्षी बसल्याशिवाय डाव्या हातात बास आणू नका. ऑर्गनचे जाड सूर सगळ्यात शेवटी. मूळ रेकॉर्डवरही ऑर्गन असाच उशिरा कोसळतो.

वाद्यांबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण सिमोनेत्तीचा आवाज हा बराचसा त्या काळच्या यंत्रांच्या खोडींचा आवाज आहे. मिनीमूग या सिंथेसायझरला ४४ पट्ट्या, पण एका वेळी एकच सूर निघतो. दोन बोटं ठेवली तरी वाजणार एकच. आत तीन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी मंडलं. तिघांना एका सुरात अगदी तंतोतंत जुळवलं तर आवाज पोकळ लागतो. एकाला केसभर चढवलं की लाटा उठतात आणि सूर जिवंत होतो. यंत्र चालू केल्या केल्या वाजवायला बसलात तर गरम होता होता सूर सरकतो, म्हणून जुने वादक अर्धा तास आधी बटण दाबून ठेवतात आणि मगच मिळवायला घेतात. तानपुरा लावण्याइतकंच चिकाटीचं काम.

मेलोट्रॉनची गंमत आणखी वेगळी. त्याच्या गाजलेल्या ४०० मॉडेलला ३५ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीखाली एक चुंबकीय फीत. तीवर व्हायोलिन किंवा गायकवृंदाचा खराखुरा ध्वनिमुद्रित सूर. पट्टी दाबली की फीत धावते, सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. फीत साधारण आठ सेकंदांत संपते, म्हणून लांब सूर धरायचा तर वादकाला बोटं आलटून पालटून कोळ्यासारखी चालवावी लागतात. एकदम बऱ्याच पट्ट्या दाबल्या की मोटरवर भार येऊन सूर किंचित खाली बसतो. ओलसर हवेत फीत अडकते ती वेगळीच. भयपटातला तो आजारी, डगमगता गायकवृंद पुष्कळदा या दोषांतूनच येतो. आज संगणकावर मेलोट्रॉनचा आवाज फुकट मिळतो, पण तो फारच तंदुरुस्त असतो.

१९७७ च्या 'सुस्पिरिया'त हे सगळं कळसाला पोचलं. त्या काळी इटलीत संवाद नंतर डब करायची पद्धत होती, त्यामुळे सेटवर शांतता पाळायची गरज नसे. अर्जेंतोनं त्याचा पुरेपूर फायदा उठवला: आधी तयार करून घेतलेलं संगीत चित्रीकरणाच्या वेळी सेटवर मोठ्यानं लावलं. अभिनेत्रींच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता सगळीच अभिनयाची नाही. चित्रीकरणानंतर बँडनं बरंच संगीत नव्यानं केलं, पण नट आणि संगीत एकाच खोलीत होते हे पडद्यावर जाणवतं.

मुख्य धून बाळाला झोपवायच्या गाण्यासारखी आहे. ती वाजते सेलेस्टावर, म्हणजे हातोड्यांनी धातूच्या पट्ट्या वाजवणाऱ्या छोट्या पियानोसारख्या वाद्यावर. तिच्याखाली मोरान्तेची बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य, कुजबुजता 'ला ला ला', आणि खोल कुठेतरी तबला. हो, आपलाच तबला, आणि वाजवलाय बासवादक पिन्यातेल्लीनं. हेडफोन लावून ऐका. तयार हाताचा तबला नाही, बोल शोधायला जाल तर निराशा होईल. डग्ग्याचा घुमारा मात्र बरोबर उचललाय. आपल्याला बैठकीची आठवण करून देणारा हा आवाज युरोपातल्या प्रेक्षकाला कुठून येतोय तेच कळत नाही, आणि त्यांना हवं होतं तेही तेवढंच. भारतीय कानाला म्हणूनच 'सुस्पिरिया' थोडा कमी भीतीदायक वाटू शकतो. मला हा तोटा वाटत नाही.

त्यानंतर बँडमध्ये फाटाफूट झाली आणि सिमोनेत्ती चक्क डिस्कोत शिरला. इझी गोइंग या ग्रुपसाठी, निर्माता जानकार्लो मेओच्या जोडीनं, १९७८ मध्ये 'बेबी आय लव्ह यू' केलं. भयपटाचे चाहते हा भाग चुकून घडल्यासारखा वगळतात. चूक त्यांची आहे. डिस्को नसता तर १९८२ चा 'तेनेब्रे' नसता. तिथे प्रोग्रेसिव्ह रॉकची वेडीवाकडी मात्रामोजणी गेली, सरळ चारचा ठेका आला, ड्रम मशीन आणि व्होकोडर आले. व्होकोडरमध्ये माइकवर बोललेले शब्द सिंथेसायझरच्या सुराला आकार देतात. गाणारा माणूस आणि गाणारं यंत्र वेगळं काढता येत नाही. शब्द काय, तर 'पाउरा', म्हणजे भीती. गोब्लिन हे नाव तेव्हा वापरता येत नव्हतं, म्हणून श्रेय सिमोनेत्ती, पिन्यातेल्ली आणि मोरान्ते अशा तीन आडनावांनी दिलेलं आहे. पंचवीस वर्षांनी, २००७ मध्ये, जस्टिस या फ्रेंच जोडीनं 'फँटम'मध्ये हाच तुकडा उचलला आणि 'तेनेब्रे' कधीही न पाहिलेली मुलं त्यावर नाचली.

पुढचं थोडक्यात: 'फेनोमेना' आणि 'देमोनी' १९८५ मध्ये, 'ओपेरा' १९८७ मध्ये, २००१ मध्ये 'नोन ओ सोन्नो'साठी जुनी मंडळी पुन्हा एकत्र, २००७ मध्ये 'ला तेर्झा माद्रे'. मोरान्ते २०२२ मध्ये गेला. सिमोनेत्ती आता स्वतःच्या नावाचा गोब्लिन घेऊन फिरतो आणि चित्रपट पडद्यावर चालू असताना खाली बँड वाजवतो.

घरी बघणाऱ्यांसाठी दोन सूचना, कारण इथेच लोक फसतात. पहिली आवृत्तीची. 'प्रोफोन्दो रोस्सो'ची इटालियन आवृत्ती दोन तासांच्या वर आहे, परदेशी पाठवलेली साधारण १०५ मिनिटांची. अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'चं तर गणितच वेगळं: अमेरिकी आवृत्तीत बरंचसं तयार साठ्यातलं संगीत आहे. गोब्लिन भरपूर ऐकायचा असेल तर अर्जेंतोनं युरोपसाठी संकलित केलेली, 'झोंबी' नावाची सुमारे ११९ मिनिटांची आवृत्ती शोधा. दुसरी सूचना पेटी काढून सोबत वाजवणाऱ्यांना. पाल या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, त्यामुळे आवाज चढतो, जवळजवळ शेजारच्या पट्टीत जाऊन बसतो पण नेमका तिथेही नाही. पांढरी एक धरा, काळी एक धरा, बेसूरच लागणार. पेटी बिघडलेली नाही. ब्लू रे किंवा संगीताची तबकडी लावा.

आणि इकडे येणं झालंच तर: रोममध्ये मेट्रोच्या 'ए' मार्गावर लेपांतोला उतरून व्हिया देई ग्राक्की २६० गाठा. तिथे 'प्रोफोन्दो रोस्सो' नावाचं दुकान १९८९ पासून आहे, तळघरात भयपटांचं छोटं संग्रहालय. चित्रपटाची गोष्ट रोमची असली तरी चित्रीकरण बरंचसं तोरिनोत झालं. पोर्ता नुओव्हा स्थानकातून व्हिया रोमानं सरळ चालत निघालात की काही मिनिटांत पियाझ्झा चीएलएने हा चौक येतो: दोन कारंजी, एक पो नदीचं, एक दोरा नदीचं. रात्री जा, गर्दी कमी असते. फक्त चित्रपटातला तो निऑन दिव्यांचा 'ब्लू बार' शोधत बसू नका. उभारलेला सेट होता तो, चित्रीकरण संपल्यावर काढून टाकला.