ओरडायचं कधी, गप्प बसायचं कधी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये घरच्या संघाकडे चेंडू आला की जाणकार प्रेक्षक आवाज खाली आणतात. नवख्याला वाटतं, आपल्याच आक्रमणाच्या वेळी ही मंडळी अशी थंड का? पण खेळ कळणारा चाहता ओळखायची हीच खूण. घसा राखून ठेवायचा तो पाहुण्यांकडे चेंडू असतानाच्या वेळेसाठी.

कारण सरळ आहे. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, ठरलेल्या शब्दावर चेंडू मागतो, पुढच्या रांगेच्या मधोमध असलेला सेंटर तो पायांमधून मागे देतो, आणि त्या क्षणापर्यंत पुढच्या रांगेतल्या गड्यांनी जागचं हलायचं नसतं. गोंगाटात शब्द ऐकू आला नाही की कोणीतरी आधी हलतो. याला म्हणतात फॉल्स स्टार्ट. दंड 5 यार्ड. थर्ड डाउनला, म्हणजे 10 यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, 3 यार्ड हवे असताना हे झालं तर एकदम 8 यार्ड लागतात. मग धावायचा पर्याय जवळपास संपतो, आणि पास येणार हे बचावालाही कळतं.

पाहुणे यावर ‘सायलेंट काउंट’, म्हणजे शब्दाऐवजी खूण, वापरतात. सेंटरशेजारचा गार्ड मागे बघत राहतो, क्वार्टरबॅकने पाय उचलून खूण केली की सेंटरला थाप मारतो, आणि सेंटर एखादा ठोका थांबून चेंडू सोडतो. पण शब्द नाही म्हटल्यावर रांगेच्या कडेच्या खेळाडूला, म्हणजे टॅकलला, चेंडूकडे बघत बसावं लागतं, आणि समोरून सुटणाऱ्या बचावपटूवरची त्याची नजर हटते. शिवाय थाप आणि चेंडू यांमधलं अंतर दरवेळी तेच राहिलं, तर बचाव ती लय पकडतो. गोंगाटाचा खरा फायदा हा. आकडेवारीत फॉल्स स्टार्ट दिसतात, टॅकलचा हुकलेला अर्धा क्षण दिसत नाही.

2024 पासून वरच्या विभागात प्रशिक्षक मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये थेट बोलू शकतो, पण पुढची चाल सुरू करायला असलेल्या 40 सेकंदांच्या घड्याळात 15 उरले की ती लाइन बंद होते. शेवटचे बदल त्यानंतर रांगेवरच, तोंडाने किंवा हाताने, सांगावे लागतात. म्हणून पहिल्या सेकंदापासून बेंबीच्या देठापासून ओरडून ऐन वेळी धाप लागण्यापेक्षा, संघ रांगेला लागताना आवाज चढवावा.

एवढा जमाव एका तालात आणायचा कसा? टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या कायल फील्डवर लाखाहून जास्त माणसं बसतात. तिथे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले पाच यल लीडर, म्हणजे घोषणांचे म्होरके, हाताने खुणा करतात, आणि ती खूण ओळीमागून ओळ मागे पोचवली जाते. घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री याची चक्क तालीम होते. मिसिसिपी स्टेटचे लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. एसईसी या त्यांच्या लीगने 1974 मध्ये त्यांवर बंदी घातली आणि 2010 मध्ये, खेळ चालू नसतानाच वाजवायच्या या अटीवर, ती सैल केली.

बास्केटबॉलमध्ये कानापेक्षा डोळ्यांवर हल्ला होतो. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारी बिनअडथळ्याची फेक, घेणाऱ्याच्या समोरचा बॅकबोर्ड पारदर्शक, त्यामागे विद्यार्थी. नुसते हात हलवून काही होत नाही. सततच्या हालचालीची डोळ्याला सवय होते. ॲरिझोना स्टेटने काळा पडदा आणला. तो ऐन वेळी उघडतो आणि मागे काहीतरी अचाट वेडेपणा चाललेला असतो. आत काय आहे हे आधी ठाऊक नसणं, हीच त्यातली मेख.

ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या बास्केटबॉलमधल्या खुन्नसेत चिकाटी लागते. ड्यूकचं कॅमरून इनडोअर स्टेडियम जेमतेम 9,314 जणांचं, म्हणून विद्यार्थी ऐन थंडीत बाहेर तंबू ठोकतात. एका तंबूत 12 जण. सगळ्यात कडक प्रकारात रात्री बहुतेकांनी हजर असावं लागतं. अवेळी हजेरी होते आणि ती चुकवत राहिलं की रांगेतली जागा जाते. तंबू बुडतो तो थंडीमुळे नव्हे, परीक्षेच्या आठवड्यात पाळ्या नीट न लावल्यामुळे.

या वेडाची हद्द कुठे सुटते, ते अलाबामा आणि ऑबर्न ही फुटबॉलमधली वैरी विद्यापीठं सांगतात. 2010 चा सामना ऑबर्नने जिंकल्यावर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नमधल्या टूमर्स कॉर्नर या चौकातल्या जुन्या ओक झाडांना ‘स्पाइक 80 डीएफ’ हे तणनाशक घातलं आणि रेडिओवर फोन करून तशी फुशारकीही मारली. हे औषध मुळांतून चढतं आणि मातीत दीर्घकाळ राहतं, त्यामुळे माती उपसूनही झाडं वाचली नाहीत; 2013 मध्ये ती काढावी लागली. याला खुन्नस म्हणणं म्हणजे खुन्नसेचाच अपमान.

जिंकल्यावर प्रेक्षकांनी मैदानात घुसण्याचा हिशोब मात्र पैशात होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये व्हँडरबिल्टने अलाबामाला 40–35 हरवलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी गोलपोस्ट उखडून शहरातून मिरवत थेट कंबरलँड नदीत टाकला. एसईसीने 1 लाख डॉलर दंड केला. 2025 पासून हाच दंड पहिल्या वेळेपासून 5 लाख आहे, आणि सामना लीगमधला असेल तर ती रक्कम पाहुण्या विद्यापीठाला, म्हणजे ज्याला नुकतं हरवलं त्यालाच, मिळते.