चौथा भिडू पाहिजे

आमच्या ग्रुपमधले लोक हल्ली माझा फोन उचलत नाहीत. "शनिवारी सकाळी काय करतोयस?" एवढं विचारलं की समोरून लगेच "अरे गुडघा दुखतोय जरा". गेल्या दीड वर्षात ऑफिसमधले, सोसायटीतले, बायकोच्या मैत्रिणींचे नवरे असे पंधराएक जण मी धरून धरून टेनिस कोर्टवर नेले, त्यातले टिकले दोन. मी धरून तीन. आणि डबल्सला लागतात चार! पत्त्यांचा डाव मांडून चौथ्या भिडूची वाट बघत बसलेल्या काकांसारखी गत झालीये माझी.

बघायला मात्र सगळे तयार असतात. पुण्यात बालेवाडीला एटीपीची, म्हणजे व्यावसायिक पुरुष खेळाडूंची स्पर्धा यायची तेव्हा, 2019 ची फायनल आठवतेय, केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच, तिन्ही सेट 6-6 होऊन टायब्रेकला गेले, तेव्हा दोन दिवस ज्याला त्याला रॅकेट घ्यायची होती. तिसऱ्या दिवशी सगळं थंड.

खरंतर टेनिसचा बॉल आपल्याला कुठे नवीन आहे, अख्खं लहानपण त्याच बॉलने गल्लीत क्रिकेट खेळण्यात गेलं, टेप गुंडाळून स्विंगही करून झाला, त्याने फक्त टेनिस तेवढं खेळलो नाही. त्यामुळे नवीन माणूस आला की पहिला फटका हमखास पुल, बॉल डायरेक्ट पार्किंगमध्ये. बॅडमिंटनवाल्यांची तऱ्हा वेगळी, ते सगळं मनगटाने मारायला बघतात. शटल असतं 5 ग्रॅमचं आणि हा बॉल 58 च्या आसपास, दोन दिवसांत मनगट बोंबलतं आणि मग "टेनिस आपल्याला झेपत नाही बुवा". अरे बाबा खांदा वळव, कंबर वळव, सगळा भार त्या बिचाऱ्या मनगटावर कशाला!

पण पहिले पाच-सहा जण पळाले ते माझ्याच चुकीमुळे, हे कबूल करायला हवं. मी त्यांना पहिल्याच दिवशी नेहमीचा पिवळा बॉल देऊन बेसलाइनवर, म्हणजे कोर्टाच्या पार मागच्या रेषेवर, उभं केलं. कोर्ट 23.77 मीटर लांब, तासाभरात चाळीस मिनिटं नुसते बॉल वेचण्यात गेली, उरलेल्या वेळात एकमेकांना सॉरी म्हणणं. कोण येणार परत?

आता मी नवख्यांसाठीचा ऑरेंज बॉल आणतो. हा साध्या बॉलपेक्षा साधारण निम्म्या वेगाने येतो आणि कमी उसळतो, रेड बॉल तर त्याहून मंद. आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने 2007 मध्ये नवख्यांसाठी मोहीमच काढली होती, की मंद बॉल द्या आणि पहिल्या दिवसापासून खेळूच द्या. दोघांनी आपापल्या सर्व्हिस लाइनवर, म्हणजे नेट आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेवर, उभं राहायचं, मध्ये नेट, आणि फक्त मोजायचं, सलग किती वेळा बॉल परत येतो ते. "हा पोरांचा बॉल आहे" म्हणून नाकं मुरडतात सगळे, पण सोसायटीतल्या एकाचे बावीस झाले आणि पुढच्या शनिवारी माझ्या आधी येऊन गेटपाशी उभा! टिकलेल्या दोघांतला एक तो.

पूर्वी मी तो कोपनहेगनच्या 2018 च्या अभ्यासाचा फॉरवर्डही पाठवायचो, की टेनिस खेळणारे बैठ्या लोकांपेक्षा 9.7 वर्षं जास्त जगले. मग ग्रुपमधल्या डॉक्टरीणबाईंनी जाहीर हजेरी घेतली, की टेनिस खेळणाऱ्यांकडे वेळ, पैसा, मित्र आधीपासूनच असतात, आयुष्य कशाने वाढलं ते कसं कळणार. बरोबरच आहे. पाठवणं बंद केलं.

वयाचं कारण मात्र मी चालवून घेत नाही. रोहन बोपण्णाने 2024 ला ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची डबल्स जिंकली तेव्हा तो 43 चा होता, आणि डबल्सचा नंबर वनही त्याच वयात पहिल्यांदा झाला. आणि ते गुडघ्याचं म्हणाल ना, तर आपल्या गुडघ्यांत कूर्चा उरलेली नाही असं तो स्वतःच सांगतो, अय्यंगार योगाने सावरलं म्हणतो. आता अय्यंगार योग म्हणजे आपल्या पुण्याचाच, तेवढ्यासाठी लांब कुठे जायला नको. अर्थात दुखणं खरंच असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, माझ्या नादी लागू नका.

तर शनिवारी सव्वासहा. रॅकेट विकत घ्यायची घाई करू नका, माझ्याकडे दोन जास्तीच्या आहेत. बूट तेवढे सपाट तळाचे घाला, पळायचे जाड सोलवाले घालून आडवं धावलं की घोटा मुरगळतो. खोटं वाटत असेल तर आमच्या चौदाव्या उमेदवाराला विचारा, म्हणजे त्याने तुमचा फोन उचलला तर.