सराव-क्लिप 4: सावलीत 43 सेंटिमीटरचा घोळ

व्हिडिओतल्या सावलीवरून तो कधी काढला ते शोधायचं, असा हा सराव. मागच्या नोंदीत रत्नागिरीच्या सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) क्लिप ‘सुटली’ म्हटलं होतं. ते मागे घ्या. खांब 6 मीटर, सावली थेट उत्तरेला, म्हणजे माध्यान्ह, लांबी 5.54 मीटर. त्यावरून सूर्याची उंची 47.3 अंश येते. पण 17 अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य ऐन डिसेंबरातही 49.6 च्या खाली जात नाही, सावली 5.11 मीटरच्या पुढे सरकत नाही. थोडक्यात, अशी तारीख कॅलेंडरातच नाही!

खांब कललेला नव्हता, लेन्सचा बाकही नव्हता. दोष जमिनीचा. सडा लांबून तव्यासारखा दिसतो, पण इथे उत्तरेला 5 अंशांचा उतार आहे आणि उतारावर सावली लांबते. सनकॅल्क (सूर्य आणि सावली सांगणारी वेबसाइट) दिशेसाठी झकास, पण लांबी सपाट जमीन धरूनच देतं. गूगल अर्थच्या उंचीच्या आकड्यांवर जाऊ नका, एवढासा उतार त्यांत हरवतो.

सोडवलं समुद्रानं. क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते. खांबाला ती बुंध्यापासून 1.50 मीटरवर कापते, सावलीच्या टोकाशी असलेल्या कुंपणाच्या खुंटाला 1.98 वर. (दोन्ही कॅमेऱ्यापासून वेगवेगळ्या अंतरावर असले तरी चालतं.) म्हणजे टोकाची जमीन 48 सेंटिमीटर खाली. आडवं अंतर 5.52, उभं 6 अधिक 0.48, 6.48 भागिले 5.52, सूर्याची उंची 49.6 अंश. बसलं!

महिना लागला, दिवस नाही. 21 डिसेंबर ते 10 जानेवारी क्रांती (सूर्याचं विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) जेमतेम दीड अंश हलते. मार्चअखेर रोज 0.4. कॅमेरूनमधल्या झेलेवेत गावाजवळ सैनिकांनी दोन बायका आणि दोन लेकरांना गोळ्या घातल्या, त्या क्लिपला बीबीसी आफ्रिका आयच्या 2018 च्या तपासात 20 मार्च ते 5 एप्रिल 2015 एवढी अरुंद पट्टी मिळाली ती याचमुळे. तीच क्रांती सप्टेंबरात परत येते, म्हणून कोरड्या दिवसांतच दिसणारी पायवाट तिथे मोलाची ठरली. आपल्याकडे ते काम सड्याच्या गवताचं. हिरवं की करडं एवढं सेंटिनेल-2 उपग्रहाच्या 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये कळतं. पावसाळ्यात मात्र नुसते ढग.

पुढची क्लिप (क्रमांक 5) डिसेंबरातली ठरली होती, ती आता मार्चअखेरची घेऊ. मूळ फाइलचा शा-256 हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा ठसा) आधी, क्रॉप नंतर. यावेळी उलटं झालं होतं.

खरं तर त्याआधी क्लिप 2 पुन्हा काढायला हवी. तीही सड्यावरचीच, आणि तिच्यात समुद्र नाही. तिचा निकाल तूर्त रद्द धरा.